गच्चीवर पोहोचणारी ऊर्जा : सूर्य कसा तळपतो आणि पुढे त्याचे काय होणार

सोलापुरात गच्चीवर सोलर पॅनेल किंवा सोलर वॉटर हीटर बसवून देताना ग्राहक यंत्राबद्दल जितके विचारतात, तितकेच सूर्याबद्दलही विचारतात. सूर्यात नेमके काय जळते, तिथे हवा नसताना ते जळते कसे, आणि एखाद्या आठवड्यात मीटरवर युनिट कमी दिसले तर सूर्यच मंदावला असे समजायचे का, हे प्रश्न आमच्याकडे नेहमी येतात. उभ्या उभ्या दोन वाक्यांत त्यांची उत्तरे देणे आम्हाला योग्य वाटत नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

चुलीत लाकूड जळते त्या अर्थाने सूर्यात काहीही जळत नाही. सूर्य कोळशाचा असता आणि त्याला हवा तितका ऑक्सिजन मिळाला असता, तरी आजच्या तेजाने तो काही हजार वर्षांतच संपला असता. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी दुसरा पर्याय मांडला. सूर्य स्वतःच्या वजनाने हळूहळू आकसतो आणि त्यातून उष्णता निघते, असे त्यांचे म्हणणे होते; पण या हिशेबाने त्याचे आयुष्य दोन-तीन कोटी वर्षांच्या आसपासच भरत होते, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून कितीतरी जुने निघाले. हे कोडे सुटण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये तप्त वायूंच्या वर्णपटाचा, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्याचा, अर्थ लावणारे समीकरण मांडले, त्याच्या आधारे सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत प्रामुख्याने हायड्रोजनच असतो हे दाखवले, आणि त्या हायड्रोजनपासून ऊर्जा नेमकी कशी तयार होते याची तपशीलवार मांडणी हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये केली.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे १.५ कोटी अंश सेल्सिअस असते आणि वरच्या सगळ्या थरांचा प्रचंड दाब असतो. अशा स्थितीत हायड्रोजनचे दोन अणुकेंद्रक, म्हणजे दोन प्रोटॉन, क्वचित एकत्र येतात आणि त्यांपैकी एकाचा न्यूट्रॉन होऊन जड हायड्रोजन तयार होतो. त्याला आणखी एक प्रोटॉन मिळाला की हलका हेलियम बनतो, आणि अशा दोन हलक्या हेलियमच्या मीलनातून साधा हेलियम तयार होऊन दोन प्रोटॉन पुन्हा मोकळे होतात. एकंदरीत चार हायड्रोजन जाऊन एक हेलियम उरतो, पण त्या हेलियमचे वस्तुमान चार हायड्रोजनच्या बेरजेपेक्षा सुमारे ०.७ टक्के कमी भरते. कमी पडलेले हेच वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातून ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत बदलते. सूर्याची एकूण शक्ती ३८ वर २५ शून्ये इतके वॅट आहे.

हे आकडे वाचून गाभ्यात सतत स्फोट होत असावेत असे वाटते, मात्र खरी गोष्ट याच्या उलट आहे आणि आमच्या मते या सगळ्या विषयातली तीच सर्वांत विलक्षण आहे. दोन प्रोटॉन जुळण्याची पहिली पायरी इतकी दुर्मीळ असते, की एका प्रोटॉनला त्यासाठी सरासरी शेकडो कोटी वर्षे थांबावे लागते. म्हणूनच गाभ्यातील एका घनमीटर द्रव्यातून जेमतेम पावणेतीनशे वॅट निघतात. तेवढ्याच आकारमानाच्या जिवंत मानवी शरीरातून याहून जास्त उष्णता बाहेर पडते. सूर्य तेजस्वी आहे तो त्याच्या अफाट आकारामुळे, आणि तो इतका टिकाऊ आहे तो या मंद गतीमुळे. शिवाय तो स्वतःला सावरतो: अणुमीलन, म्हणजे हायड्रोजन जुळून हेलियम होण्याची ही क्रिया, थोडे वाढले तर गाभा फुगून किंचित थंड होतो आणि वेग पुन्हा कमी होतो, वेग मंदावला तर वरच्या वजनाने गाभा दाबला जाऊन तापतो. गाभ्यातली ऊर्जा अणूंवर आदळत, शोषली जात आणि पुन्हा बाहेर फेकली जात पृष्ठभागापर्यंत येते, त्यात हजारो वर्षे जातात. ५,५०० अंशांच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश मात्र अवघ्या आठ मिनिटे वीस सेकंदांत आपल्या गच्चीवर पोहोचतो.

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. जन्मतः त्याचे तेज आजच्या सुमारे ७० टक्के होते. गाभ्यात हेलियम साचत जातो तसा गाभा अधिक दाबला जातो, अधिक तापतो, आणि दर १०० कोटी वर्षांत तेज साधारण दहा टक्क्यांनी वाढते. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल. मग गाभ्याभोवतीच्या कवचात अणुमीलन सुरू होईल, बाहेरचे थर फुगून थंड व तांबूस होतील आणि सूर्य तांबडा राक्षसी तारा बनेल. बुध आणि शुक्र त्यात गिळले जातील. गाभा १० कोटी अंशांपर्यंत तापल्यावर हेलियमपासून कार्बन व ऑक्सिजन तयार होऊ लागतील. शेवटी बाहेरचे थर अवकाशात विखुरतील आणि मागे पृथ्वीएवढ्या आकाराचा, पण आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक वस्तुमानाचा श्वेतबटू उरेल, जो नवी ऊर्जा निर्माण न करता निवत जाईल. श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जास्त असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात दाखवले आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्य या मर्यादेच्या बराच खाली असल्याने त्याचा स्फोट होणार नाही.

हे पुढचे टप्पे आजही आकाशात आहेत. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री नऊच्या सुमारास सोलापुरात जवळजवळ डोक्यावर दिसणारी तांबूस रोहिणी हा असाच फुगलेला तारा असून तिचा व्यास सूर्याच्या चाळीस पटींहून अधिक आहे. त्याच वेळी आग्नेयेला तळपणाऱ्या व्याधाला एक श्वेतबटू साथीदार आहे, पण तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आता मीटरचा प्रश्न. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते आणि तेवढ्या काळात सूर्याच्या तेजातला दीर्घकालीन बदल मोजण्याइतकाही होत नाही. सूर्यावरच्या काळ्या डागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात त्याचे तेज सुमारे ०.१ टक्काच बदलते. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर असते, त्यामुळे मिळणाऱ्या ऊर्जेत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. पण आपल्याकडे त्याहून मोठा परिणाम ढगांचा, धुळीचा आणि उन्हाच्या कोनाचा असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि गच्चीवरच्या ताठ पाइपाची सावली त्याच्या बुडाशीच राहते. तरीही त्या दिवसांत युनिट अपेक्षेइतके वाढत नाहीत, कारण पॅनेल प्रकाशावर चालते आणि २५ अंशांच्या वर त्याचे उत्पादन प्रत्येक अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटते. काच ६५ अंशांपर्यंत तापली तर तेरा-चौदा टक्के उत्पादन असेच जाते. त्यामुळे पॅनेलखाली हवा खेळती राहील एवढी उंची आम्ही स्टँड बसवताना ठेवतो, आणि ती जागा ग्राहकांनी सामान ठेवून बंद करू नये अशी आमची विनंती आहे. काच सकाळी ऊन चढण्यापूर्वी धुवावी. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर काच लगेच पुसून कोरडी करावी, नाहीतर क्षारांचा पांढरा थर धुळीइतकाच प्रकाश अडवतो. एवढे करूनही सलग काही स्वच्छ दिवस युनिट कमीच दिसत असतील, तर इन्व्हर्टरवरील आकड्यांचा फोटो घेऊन आमच्याकडे यावे. दोष वायरिंगमध्ये, जोडणीत किंवा एखाद्या पॅनेलवर पडणाऱ्या सावलीत असतो आणि तो शोधून दुरुस्त करता येतो.