गाव ओस पडणे वेगळे, शिवार पडीक पडणे वेगळे

मध्ययुगात उजाड झालेल्या गावाला जर्मन भाषेत ‘व्यूस्टुंग’ म्हणतात. या एका शब्दात दोन निरनिराळ्या घटना सामावलेल्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की त्या गावाचा इतिहासच चुकीचा वाचला जातो. माणसे घरेदारे सोडून गेली तर ती ‘ऑर्ट्सव्यूस्टुंग’, म्हणजे ओस पडलेले गावठाण; नांगरट थांबून शेतांत रान माजले तर ती ‘फ्लूरव्यूस्टुंग’, म्हणजे पडीक पडलेले शिवार. भूगोलतज्ज्ञ कुर्ट शार्लाउ यांनी १९३३ मध्ये हा भेद पद्धतशीरपणे मांडला.

इतिहासकार विल्हेल्म आबेल यांच्या अंदाजानुसार सन १३००च्या सुमारास जर्मनीत सुमारे १,७०,००० वस्त्या होत्या आणि मध्ययुग संपेपर्यंत त्यांतील सुमारे ४०,००० नाहीशा झाल्या. याचे सारे खापर प्लेगवर फोडले जाते, पण एवढ्याने उलगडा होत नाही. साथीनंतर खाणारी तोंडे घटली, धान्याचे भाव पडले, शहरांत मजुरी वाढली. तेव्हा अनेक शेतकरी मेले नाहीत, तर उठून गेले. कित्येक जण जवळच्या मोठ्या गावात राहू लागले आणि तिथूनच जुनी शेते कसत राहिले. अशा ठिकाणी गावठाण संपले, शिवार मात्र जिवंत राहिले. आपल्या महसुली दप्तरातील ‘बेचिराग’ गावांची आठवण इथे होते: वस्ती नाही, पण जमीन कसली जाते.

उलट, हलक्या आणि उताराच्या जमिनी सोडून दिल्या गेल्या, तेथे गाव नांदत असूनही शिवाराचा एक भाग जंगलात गेला.

जर्मनीतील हार्त्स डोंगररांगेच्या दक्षिण भागातील होहेनरोडे हे गाव पुरातत्त्वज्ञ पॉल ग्रिम यांनी १९३५ ते १९३७ या काळात उत्खननाने उजेडात आणले. नावातील ‘रोडे’ म्हणजे जंगल तोडून काढलेली जमीन. माणसे गेल्यावर तिथे पुन्हा जंगलच उभे राहिले.

असा भेद आजही जमिनीवर वाचता येतो. मध्ययुगीन नांगर माती एकाच बाजूला पलटत असे, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या नांगरटीने पट्ट्याच्या मधोमध उंचवटा तयार होई. बीच वृक्षांच्या जंगलात पाचोळ्याखाली असे लांबच लांब समांतर उंचवटे दिसले, तर शिवार नक्कीच मोडले आहे. मात्र आजच्या गव्हाच्या शेतात, जवळपास एकही घर नसताना, नांगराच्या तासातून जुन्या मडक्यांच्या खापऱ्या दाटीने वर येत असतील, तर तिथे केवळ गाव उठून गेले आहे.