किरण की इस्क्रा? शेपटीखाली बघा

मागच्या रविवारी घरच्या ग्रुपवर पोलंडहून एक फोटो आला. भाचा तिकडे नोकरीला आहे. संग्रहालयाच्या आवारात उभ्या केलेल्या लाल-पांढऱ्या विमानासमोर स्वारी हात पसरून उभी. लगेच आबाकाकांचा मेसेज : 'अरे, हे तर आपलं सूर्यकिरणवालं किरण! तिकडे कसं गेलं?'

आबाकाकांचा जन्म लष्करात गेला. सैन्यात नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उठलेलं मिराज लढाऊ विमान ते चहा गाळता गाळता आवाजावरून ओळखतात. पण फोटोला आवाज नसतो.

आणि ही गल्लत भल्याभल्यांची होते. भारताचं किरण आणि फोटोतली पोलंडची इस्क्रा, दोन्ही विमानं 1960च्या दशकातली, वैमानिकांना जेट शिकवण्यासाठी केलेली. पंख सरळ, इंजिन एकच, लांबी जेमतेम अकरा मीटर, वेग ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास. नावंसुद्धा एकाच घरातली वाटावीत : इस्क्रा म्हणजे पोलिश भाषेत ठिणगी. वर दोन्ही हवाई दलांच्या कसरती करणाऱ्या पथकांची नावं या विमानांवरूनच पडलेली, आणि त्यांची विमानंही लाल-पांढरीच. तेव्हा रंगावर अजिबात जाऊ नका.

आधी बैठक बघा. किरणमध्ये गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे डोकं रुंद, काचेचा घुमट फुगीर, समोरून थेट बेडूक. इस्क्रात विद्यार्थी पुढे, शिक्षक मागे. म्हणून ती अंगानं सडपातळ. हा फरक शिकवण्याच्या पद्धतीतला आहे. शेजारी बसलेल्या शिक्षकाला मुलाचा हात कुठे थरथरतो ते दिसतं, बोट दाखवून समजावता येतं. मागे बसलेला शिक्षक मात्र नुसता आवाज असतो. पुढच्याला समोर फक्त आकाश दिसतं आणि एकट्यानं लढाऊ विमान चालवायची सवय तिथूनच लागते. मला विचाराल तर नवशिक्याला किरणच बरं.

बाजूनं काढलेल्या फोटोत बैठक नीट कळत नाही. तेव्हा शेपूट बघा. किरणचं धड मागे निमुळतं होत जातं आणि इंजिनाचा झोत थेट शेवटच्या टोकातून बाहेर पडतो. इस्क्राचं धड अर्ध्यावरच संपल्यासारखं वाटतं. झोताचं तोंड तिथेच, पोटाच्या मागच्या बाजूला. आणि त्याच्या वरून एक दांडा मागे जातो, त्यावर शेपूट. पळीच्या दांड्यासारखं. एकदा पाहिलं की पुन्हा विसरत नाही.

किरणचा आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली हिंदुस्तान एअरोनॉटिक्समध्ये तयार झाला. घाटगे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीतले दिग्गज लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून आलेले. 4 सप्टेंबर 1964 रोजी चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी किरण पहिल्यांदा उडवलं. अर्थात 'संपूर्ण स्वदेशी' म्हणायची घाई नको : इंजिन ब्रिटिश घराण्याचं, व्हायपर. पुढे सुधारित आवृत्तीला, मार्क 2ला, ऑर्फिअस बसवलं, म्हणजे नॅट या लढाऊ विमानाच्या इंजिनाचाच भाऊबंद. 1996मध्ये बीदरला सूर्यकिरण पथक उभं राहिलं ते याच मार्क 2वर. 2011 साली पथक थांबलं आणि काही वर्षांनी हॉक विमानांवर पुन्हा उभं राहिलं.

इस्क्रा वयानं मोठी, पहिलं उड्डाण 5 फेब्रुवारी 1960. टीएस-11 या नावातलं टीएस म्हणजे तिचे जनक तादेऊश सोल्तिक. सोव्हिएत गटातल्या देशांनी मिळून एकच शिकाऊ जेट निवडायचं ठरवलं, तेव्हा निवड झाली चेकोस्लोव्हाकियाच्या डेल्फिनची. पोलंडनं मान तुकवली नाही, आपल्यापुरती इस्क्राच बांधत राहिला. बाहेरून हवाई दलासाठी ती घेणारा देश एकच, भारत! 1970च्या दशकाच्या मध्याला आपल्याकडे शिकाऊ जेट कमी पडत होती, म्हणून पन्नास इस्क्रा आणल्या. नंतर आणखी सव्वीस. लढाऊ विमानांकडे जाणारी कित्येक पोरं हैदराबादजवळ हकीमपेटला तिच्यावर तयार झाली. डिसेंबर 2004मध्ये ती हवाई दलातून निवृत्त झाली. तिचं कौतुक मात्र किरणच्या मानानं फारच कमी झालं.

गोव्यातल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलात तर व्हॅम्पायरचं शिकाऊ रूप दिसेल. त्यातही बैठक शेजारी शेजारी, म्हणून किरण समजाल. पण त्याला शेपटीचे दांडे दोन आहेत.

भाच्याला म्हटलं, मागून एक फोटो पाठव. त्यानं पाठवला. झोताच्या काळवंडलेल्या तोंडाशी हात, आणि डोक्यावर तो दांडा. ग्रुपवर बराच वेळ शांतता. मग आबाकाकांनी लिहिलं, 'बरं. पण आपल्याकडेही होती ना?'


'होती, काका. शहात्तर.'