ऑल-व्हील ड्राइव्ह मोटारीतील ड्राइव्हट्रेनचे आवाज व त्यांचे निदान

इंजिनाची शक्ती चारही चाकांकडे नेणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सपासून चाकाच्या हबपर्यंत कुठेही झीज, ढिलाई किंवा अडकाव निर्माण झाल्यास जो असामान्य आवाज वा कंप उमटतो, त्याचे मूळ शोधण्याची पद्धत. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (शक्ती पुढच्या व मागच्या ॲक्सलांत वाटणारी पेटी) किंवा मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी रचना), प्रॉपेलर शाफ्ट (पुढून मागे शक्ती नेणारा दांडा) व त्याचे क्रॉस (कोनात फिरणारे सांधे), पुढचा व मागचा क्राउन-पिनियन (शाफ्टची गती ॲक्सलकडे वळवणारी मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी), ॲक्सल व त्यांचे सीव्ही जॉइंट (समवेग सांधे) आणि चाकांची बेअरिंगे एवढे भाग या मालिकेत येतात. ते पुढेही असतात, मागेही असतात आणि मध्ये एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे मागचा दोष डॅशबोर्डखाली ऐकू येणे ही नित्याची बाब आहे. गाडी जुनी असेल तर आणखी एक गुंता होतो. रबरी बुश व माउंटिंग वयाने टणक होतात आणि पूर्वी त्यांत जिरणारे कंप थेट बॉडीपर्यंत पोचू लागतात. आवाज वाढला एवढ्यावरून झीज वाढली असे धरता येत नाही.

इतिहास : चारही चाकांना चालना देण्याची कल्पना पेट्रोल-मोटारीच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. ब्रामा जोसेफ डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याने १८९३ मध्ये वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनासाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. १९०० च्या सुमाराच्या लोनर-पोर्शे गाड्यांत विद्युत मोटारी चाकांच्या हबमध्येच बसवलेल्या होत्या. त्यांत शाफ्टच नसल्याने प्रस्तुत विषयाशी त्यांचा संबंध नाममात्र आहे. डच स्पायकर कंपनीची साठ अश्वशक्तीची गाडी ही अंतर्ज्वलन इंजिनावरची या प्रकारची पहिली मोटार मानली जाते. तिचे वर्ष काही ठिकाणी १९०२ दिलेले आढळते, १९०३ हे अधिक ग्राह्य वाटते. सर्वसाधारण रस्त्यावर वापरायच्या गाड्यांत ही रचना जेन्सन एफएफ (१९६६), सुबारू लिओन (१९७२), आउडी क्वाट्रो (१९८०) आणि १९८० च्या मॉडेलची एएमसी ईगल यांच्यापासून रुळली.

क्रॉसचा उगम अधिक वादग्रस्त आहे. दोन शाफ्ट कोनात जोडणाऱ्या या सांध्याला युरोपात जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) यांचे नाव चिकटले. पण त्यांनी वर्णन केली ती वस्तू तोल राखणारी कड्यांची चौकट होती. तिने फिरती शक्ती वाहून नेण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता आणि त्या चौकटीच्या शोधाचा दावाही त्यांनी केलेला दिसत नाही. तशी चौकट त्यांच्या कितीतरी आधीची आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील बायझँटियमचे फिलॉन यांच्या नावावरील ग्रंथात कशीही फिरवली तरी न सांडणारी दौत येते, मात्र तो भाग उत्तरकालीन भर असावा अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. शक्ती वाहणाऱ्या सांध्याचे वर्णन गास्पार शॉट यांनी १६६४ मध्ये छापले, पण दोन्ही शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात असा त्यांचा समज होता. रॉबर्ट हुक यांच्या १६७४ ते १६७६ मधील लेखनात हा समज दुरुस्त झालेला दिसतो. वेगातील चढउतार हुक यांनी ओळखला आणि खगोलीय उपकरणांत त्याचा उपयोगही सुचवला. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर श्रेय हुक यांच्याकडे जाते. इंग्रजी अभियांत्रिकी परंपरेने त्यांचे नाव राखले, युरोप खंडात मात्र कार्दानोच राहिले.

आवाजाच्या निदानाला या चढउताराचे महत्त्व फार आहे. देणारा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला तरी घेणाऱ्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. दोन शाफ्टांमधील कोन β धरला तर वेगांचे गुणोत्तर cos β आणि १/cos β यांच्या दरम्यान झुलते. ५ अंशांच्या कोनात हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, १० अंशांत सुमारे दीड टक्का आणि ३० अंशांत तेरा ते पंधरा टक्के भरतो. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस सारख्या कोनात व योग्य दिशेने बसवले तर एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो. डिफरन्शियलचे माउंटिंग खचले, की कोन बिघडतात आणि शाफ्टच्या दुप्पट वारंवारतेची घरघर सुरू होते. क्रॉस मात्र कोरा करकरीत असतो. पुढची चाके वळणात तीस अंशांपलीकडे जात असल्याने तेथे साधा क्रॉस चालत नाही. १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा यांनी काढलेला, गोळ्यांवर चालणारा समवेग सांधा, म्हणजेच गॅरेजातला ‘सीव्ही’, तेथे वापरतात.

डिफरन्शियलच्या बाबतीत ओनेसिफोर पेकर यांचे १८२७ चे फ्रेंच पेटंट हाच विश्वसनीय आरंभबिंदू होय. प्राचीन चीनमधील दक्षिणदर्शी रथात (ज्यावरची आकृती सतत दक्षिणेकडे बोट दाखवते) डिफरन्शियल होता ही इंग्रज अभियंता जॉर्ज लँचेस्टर यांची मांडणी कल्पक आहे, पण अशा रथाचा अवशेष उपलब्ध नाही. अँटिकिथेरा या प्राचीन ग्रीक खगोलीय यंत्रात तो असल्याचे विज्ञानेतिहासकार डेरेक प्राइस यांचे मत क्ष-किरण तपासण्यांनंतर मागे पडले.

निदानाची तत्त्वे : आवाज कुठून येतो हे कानाने ठरवायचे की तो कशाबरोबर बदलतो ते पाहायचे, असे दोन मार्ग सांगितले जातात. पहिला सोपा वाटतो, पण पोलादी सबफ्रेममधून आवाज वेगाने दूरवर जातो आणि जेथे पत्रा सहज थरथरतो तेथे तो मोठा होतो. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा. त्यात गाडीचा वेग, इंजिनाचा वेग, भार आणि स्टिअरिंगचा कोन या चार गोष्टी एकेक करून बदलायच्या असतात. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर दोष इंजिनाकडे किंवा गिअरबॉक्सच्या आधीच्या भागाकडे. न बदलली तर पुढच्या मालिकेत. मोकळ्या, सरळ रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडून दिली आणि आवाज तसाच राहिला तर टायर, बेअरिंग किंवा शाफ्ट यांच्याकडे पाहावे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि पाय काढताच जाणारा सुरेल हुंकार बहुधा क्राउन-पिनियनचा असतो. भाराखाली दातांची एक बाजू टेकते, उतारावर गाडी इंजिनाला ढकलू लागली की दुसरी. म्हणून हुंकार कोणत्या अवस्थेत येतो त्यावरून दाताची कोणती बाजू झिजली ते कळते. दोन्ही अवस्थांत येणारी, किंचित खरबरीत गुरगुर पिनियनच्या बेअरिंगांची असण्याची शक्यता जास्त.

हिशेबाने हे आणखी नेमके होते. टायरचा घेर २ मीटर धरला तर ताशी ६० किमी.ला चाक सेकंदाला सुमारे ८·३ फेरे घेते. पिनियनला १० आणि क्राउनला ४१ दात असतील तर शाफ्टचे फेरे ३४ होतात, क्रॉसचा चढउतार ६८ वेळा आणि दातांची गाठभेट सुमारे ३४२ वेळा होते. मोबाइलवरच्या साध्या वर्णपट-दर्शक ॲपमध्ये ३४० च्या आसपास ठळक रेघ दिसली आणि ती गाडीच्या वेगाबरोबर सरकली, तर क्राउन-पिनियनवर बोट ठेवता येते. अडचण पुढे आहे. या गाड्यांत पुढचा व मागचा क्राउन-पिनियन अनेकदा एकाच गुणोत्तराचा असतो, म्हणून दोघांची वारंवारता एकच निघते. कोणता भाग हे गणित सांगते, पुढचा की मागचा हे सांगत नाही. त्यासाठी दोन्ही हाउसिंगांना (क्राउन-पिनियनच्या बाहेरच्या कवचांना) चिमट्याने लावायचे मायक्रोफोन बसवून गाडी चालवावी लागते. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हाउसिंगला व मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकतात, त्यामागचे तत्त्व हेच. फक्त ते उभ्या गाडीलाच चालते.

मधल्या कपलिंगचा अडकाव : या प्रकारच्या गाड्यांचा खास दोष हा. वळताना पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातो. ॲक्सलांमधले अंतर २·६ मीटर आणि मागच्या ॲक्सलच्या मध्याची वळण-त्रिज्या ५ मीटर असेल तर पुढच्याला सुमारे १३ टक्के जास्त अंतर कापावे लागते. हा फरक मधल्या डिफरन्शियलने किंवा त्याऐवजी बसवलेल्या कपलिंगने (दोन ॲक्सलांना थोडे घसरू देऊन जोडणाऱ्या भागाने) सामावून घ्यायचा असतो. ते अडकले, तर कोरड्या रस्त्यावर पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी सावकाश काढताना ती ब्रेक लागल्यासारखी अडते, टायर फरफटतात आणि ताण सुटताना मागून ठक् असा आवाज येतो. ओल्या गवतावर किंवा खडीवर हेच वळण गुपचूप पार पडते, आणि ही तुलना हीच सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

व्हिस्कस कपलिंगमध्ये छिद्रे वा खाचा असलेल्या चकत्यांच्या दोन माळा सिलिकोन द्रवात बुडवून बंद केलेल्या असतात. चकत्यांच्या वेगात फार फरक पडून द्रव तापला की तो फुगतो, आत ठेवलेली थोडी हवा दाबली जाते आणि चकत्या एकमेकींना भिडून कपलिंग जवळजवळ घट्ट होते. ‘हंप’ म्हणून ओळखली जाणारी ही अवस्था रचनेचाच भाग आहे, दोष नव्हे. जुने कपलिंग कायमचे घट्ट का होते याविषयी एकमत नाही. वारंवार तापल्याने द्रव दाट होतो असा एक पक्ष. चकत्यांच्या झिजेची बारीक भुकटी त्यात मिसळते असा दुसरा. उघडलेल्या कपलिंगांत दोन्ही आढळतात, तथापि पहिले कारण आधीचे आणि दुसरे त्याचा परिणाम असावा असे मानणे सयुक्तिक दिसते. सील गळून द्रव गेला तर उलट होते : आवाज काहीच येत नाही, गाडी फक्त एका ॲक्सलवर चालू लागते. तपासणीसाठी गाडी भरपूर चालवून कपलिंग गरम असताना एक चाक उचलतात, इतर चाकांना ठोकळे लावतात आणि न्यूट्रलमध्ये हबच्या नटावर लांब पाना धरतात. सावकाश जोर लावल्यावर चाक मधात चमचा फिरल्यासारखे फिरावे आणि झटका दिल्यावर अडावे. झटक्याने आणि सावकाशीने सारखेच अडले, तर कपलिंग गेले.

अडकावाचे कारण पुष्कळदा कपलिंगबाहेर असते. एकाच टायरची नक्षी इतरांपेक्षा ३ मिमी. जास्त झिजली असेल तर व्यासात ६ मिमी., म्हणजे जवळपास एक टक्का फरक पडतो. सरळ रस्त्यावरसुद्धा कपलिंगला विश्रांती मिळत नाही. दुसऱ्या गाडीचा काढलेला मागचा डिफरन्शियल बसवताना गुणोत्तर जुळले नाही (३·९० च्या जागी ४·११ असे सहज होते), तर फरक पाच टक्क्यांवर जातो. अशा गाडीत नवे कपलिंगही फार टिकत नाही. ताब्यात नुकतीच आलेली जुनी गाडी असेल तर दोन्ही हाउसिंगांवरचे शिक्के वाचणे आणि चारही टायरांचा घेर फितीने मोजणे हे काम आधी करावे.

सीव्ही जॉइंट व बेअरिंग : बाहेरचा सीव्ही झिजला की स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी जोरात काढताना लयीत कटकट ऐकू येते. बूट (सांध्यावरचे रबरी आवरण) फाटून ग्रीस बाहेर उडालेले असते, आणि चाकामागच्या आतल्या बाजूवर त्याचा काळा पट्टा दिसतो. आतला सीव्ही आवाजापेक्षा थरथर देतो, तीही सरळ जाताना वेग घेण्याच्या वेळी.

चाकाच्या बेअरिंगची गुरगुर वेगाबरोबर चढते आणि ॲक्सिलरेटरला दाद देत नाही. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो; गुरगुर वाढली तर दोष उजवीकडे असा संकेत आहे. गॅरेजात तो छातीठोकपणे सांगितला जातो, पण दुहेरी रांगेच्या बेअरिंगमध्ये आतली रांग खराब असेल तर तो फसू शकतो. पायऱ्यापायऱ्यांनी झिजलेला टायर हुबेहूब असाच आवाज करतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला तर टायर, न बदलला तर बेअरिंग. शंका राहिल्यास पुढची-मागची चाके अदलाबदल करावीत.

तेल : हाउसिंगच्या चुंबकी बुचावर करड्या रंगाचा बारीक लेप असणे सामान्य होय, चकाकणारी पापुद्री किंवा तुकडे असले तर उघडण्याखेरीज गत्यंतर नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलमध्ये (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला शक्ती देणाऱ्या प्रकारात) घर्षण कमी करणारे मिश्रक नसलेले तेल भरले तर वळणावर करकर येते आणि योग्य तेल भरून काही वळणे घेतल्यावर ती बहुधा थांबते.

इतर आवाज : एक्झॉस्टवरचे सुटलेले उष्णतारोधक पत्रे, ब्रेकच्या पत्र्यात अडकलेला खडा, सबफ्रेमला टेकणारी नळी हे ड्राइव्हट्रेनचे सोंग घेतात. ते आधी वगळावेत. शाफ्टच्या मधल्या आधाराचे रबर फाटल्यास गाडी सुटताना खालून धडधड जाणवते. ट्रान्स्फर केसची साखळी सैल झाली तर जोराच्या भाराखाली ती दात चुकवते.

चाचणीची खबरदारी : चारही चाके जमिनीपासून वर असल्याखेरीज इंजिन चालू करून गिअर टाकू नये. एकच ॲक्सल उचलला असता कपलिंग दुसऱ्या ॲक्सलकडे शक्ती पाठवते आणि गाडी स्टँडवरून उडी घेऊ शकते. एका ॲक्सलच्या रोलरवर ब्रेक-चाचणी घेताना किंवा दोन चाकांवर टो करतानाही हाच धोका असतो. अशी गाडी सपाट ट्रकवरच न्यावी.

विद्युत नियंत्रित कपलिंगे : १९९८ पासून वापरात आलेल्या हाल्डेक्स प्रकारात चकत्यांवरचा दाब संगणक ठरवतो. त्यातील थरथर बरेचदा न बदललेल्या तेलामुळे व गाळणीमुळे येते. दोष-संकेत वाचण्याआधी तेल बदलून पाहण्याची प्रथा आहे.