रोझा पार्क्स: चित्रातल्या आणि प्रत्यक्षातल्या

इतिहासातील स्त्रियांवरच्या अनेक चित्रपुस्तकांत अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स भेटतात त्या दिवसभराच्या शिवणकामाने थकलेल्या, बसच्या पुढच्या, गोऱ्यांसाठी राखीव आसनावर बसून राहिलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणून. हे चित्र वर्षानुवर्षे फिरत असले तरी खरे नाही.

१ डिसेंबर १९५५ रोजी, अलाबामातील मॉंटगोमेरी शहरात त्यांना अटक झाली, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. त्या बसल्या होत्या मधल्या भागात, जिथे कृष्णवर्णीयांना बसता येई, मात्र गोऱ्यांची आसने भरली की चालक त्यांना उठवत असे. त्या दिवशी रांगेतल्या चौघांना उठायला सांगितले गेले, तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत. थकव्याविषयी पार्क्स यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिले आहे की, आपण थकलो होतो ते फक्त नमते घेण्याला. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे काम त्या १९४३ पासून पाहत होत्या, हे तर बालपुस्तकांत सहसा गळतेच.

खिडकीबाहेर पाहणाऱ्या पार्क्स आणि मागे बसलेला गोरा पुरुष, हे प्रसिद्ध छायाचित्र अटकेच्या दिवसाचे समजले जाते. वास्तविक ते, अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहरातील बसवर टाकलेला बहिष्कार यशस्वी झाल्यावर, २१ डिसेंबर १९५६ रोजी, मुद्दाम जुळवून घेतलेले आहे आणि मागचा गृहस्थ पत्रकार आहे. पार्क्स यांच्या अटकेआधी, मार्च १९५५ मध्ये, त्याच शहरात १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विन हिनेही आसन सोडायला नकार दिला होता. बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या खटल्यात ती फिर्यादी होती, पार्क्स नव्हत्या.