फॉग लाइट घरीच बसवताना

मोटारसायकलसाठी आमच्या दुकानातून तुम्ही नेलेल्या डब्यात २० वॅटचे दोन एलईडी दिवे, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर, हँडलवरचा स्विच, तयार वायरिंग, टॅप (वायर न कापता तिला जोड देणारी क्लिप) आणि लेग गार्डचे दोन क्लॅम्प आहेत. पावसाळा तोंडावर आला की कुंभार्ली, आंबेनळी या घाटांकडे जाणारी मंडळी हे दिवे घ्यायला येतात आणि "घरी जमेल का हो?" हा प्रश्न ठरलेला असतो. जमेल. गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही. फक्त एक अख्खी सकाळ मोकळी ठेवा. संध्याकाळी घाटात निघायचंय म्हणून दुपारी काम काढू नका.

लागणारी हत्यारं म्हणजे १० नंबरचा पाना, एलन की, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, प्लास्टिकचे टाय आणि एक साधा मल्टीमीटर. मल्टीमीटर शेजाऱ्याकडून आणला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय सुरुवात नको.

आधी बॅटरी

किल्ली काढून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा, पॉझिटिव्ह नंतर. जोडताना उलटं: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. गाडीची चेसिस निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तशीच ठेवून पॉझिटिव्हवर पाना फिरवला आणि तो चेसिसला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो.

रिले कशाला?

दोन दिवे मिळून ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर. हा भार हँडलच्या छोट्या स्विचवर आणि गाडीच्या बारीक वायरींवर टाकायचा नाही. रिलेमुळे तो बॅटरीकडून थेट दिव्यांकडे जातो आणि स्विच फक्त रिलेला चालू-बंद करतो. रिलेवर आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरीची लाल वायर (फ्यूजमधून), ८७ ला दिव्यांची पिवळी, ८५ ला काळी म्हणजे अर्थिंग आणि ८६ ला स्विचकडून येणारी निळी.

स्विचला करंट किल्लीनंतरचा द्या. सीटखाली टेल लॅम्पकडे जाणाऱ्या वायरी मल्टीमीटरने तपासा. किल्ली चालू केल्यावर १२ व्होल्टच्या आसपास आणि बंद केल्यावर शून्य दाखवणारी वायर आपली. या तपासणीपुरती बॅटरी जोडा आणि मग पुन्हा सोडवा. डब्यातला टॅप त्या वायरवर दाबून बसवा आणि पाणी शिरू नये म्हणून वरून टेप घट्ट गुंडाळा. हे टाळून स्विच थेट बॅटरीवर घेतला आणि रात्री दिवे चालू राहिले, तर ८ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच तासांच्या आत बसते.

फ्यूज ५ अँपिअरचाच ठेवा आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ असू द्या. तो उडाला तर १५ चा टाकून वेळ मारून नेऊ नका, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

वायर कुठून न्यायची

खरं काम इथेच आहे. आम्ही स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदा दिवे बसवले तेव्हा वायर हँडलच्या खाली ताणून बांधली होती. घरासमोर उभ्या गाडीवर दिवे छान लागले. महिनाभराने रात्री घाटातल्या वळणावर दोन्ही एकदम गेले. घरी येऊन टेप सोडला तर हँडलखालच्या लोखंडी पट्टीवर घासून वायरचं आवरण फाटलेलं आणि आत तांदळाच्या दाण्याएवढं तांबं चमकत होतं. प्रत्येक वळणाला वायर थोडी थोडी कापली जात होती. फ्यूज होता म्हणून गाडी वाचली.

तेव्हापासून आमचा नियम असा: टाय आवळण्याआधी हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवायचं. वायर कुठे ताणली, चेमटली किंवा घासली तर मार्ग बदलायचा. कंपनीचं मूळ वायरिंग जिथून जातं त्याच्या सोबतीनेच न्या, पण इंजिन आणि सायलेन्सरपासून लांब. टाकी उतरवू नका. टाकीखालून आधी एक कडक तार घाला, तिच्या टोकाला वायर बांधा आणि अलगद ओढून घ्या.

दिव्यांचं तोंड

क्लॅम्प लेग गार्डवर जमेल तितके खाली बसवा. धुक्यात उंचावरचा उजेड पांढऱ्या पडद्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. खालून पडणारा उजेड रस्त्याची कड दाखवतो. संध्याकाळी भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करा, स्वतः गाडीवर बसा आणि उजेडाची वरची कड भिंतीवर दिव्याच्या उंचीच्या खाली येईल असा कोन लावा. समोरच्याला दिपवणाऱ्या दिव्यांवर दंड होतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वळणावर समोरून येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. गावात हे दिवे बंद ठेवा.

ब्रेक, एबीएसचं वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांना घरी हात लावू नका, त्यासाठी गाडी मेकॅनिककडे न्या.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासा, थरथरीने ते सैल होतात. आवळताना जोर लावू नका, आटे गेले तर क्लॅम्प बदलावा लागेल. कुठे अडलात तर काम तिथेच थांबवा, बॅटरी सुटीच ठेवा आणि जोडणीचा फोटो घेऊन दुकानात या. बसून बघू, त्याचे पैसे घेत नाही.