निधिसंकलन कार्यक्रम आणि तंत्रज्ञान

धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी भरवलेली मैफल, नाट्यप्रयोग, धावशर्यत, लिलाव अशा कार्यक्रमांत देणगी मागणे, स्वीकारणे, तिची पावती देणे आणि हिशेब ठेवणे यांसाठी प्रक्षेपण, मोबाइल व संगणकीय साधनांचा केलेला वापर. कीर्तन संपले की आरतीचे ताट रांगेरांगेतून फिरते आणि जो तो त्यात काहीतरी टाकतो. नव्या साधनांचे कामही तेच : ऐकणाऱ्याचे मन हलले आहे तोवर ताट त्याच्यापुढे नेणे.

सभागृहाबाहेरच्या माणसाकडे मागण्याची सोय दूरचित्रवाणीने झाली. अमेरिकेत १९४९ साली विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी कर्करोग निधीसाठी सलग १६ तास कार्यक्रम केला. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेला ‘लाइव्ह एड’ लंडन आणि फिलाडेल्फियाहून उपग्रहाद्वारे देशोदेशी दिसला. मात्र प्रेक्षकाने फोन करून जाहीर केलेला देणगीचा आकडा नंतर वसूल करावा लागे आणि गळती तिथेच होई. २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसने एका एसएमएसला १० डॉलर अशा रीतीने ३.२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. पैसे देणाऱ्याच्या फोनबिलात लागत.

भारतात देणगी कबूल करणे आणि प्रत्यक्ष देणे यांतले अंतर २०१६ साली आलेल्या यूपीआयने जवळजवळ मिटवले. तरी नुसता क्यूआर कोड लावून भागत नाही. नाट्यगृहातले नेहमीचे दृश्य पाहावे. संस्थेच्या कामाची चित्रफीत संपते, दिवे लागतात आणि निवेदिका सांगते, ‘‘बाहेर टेबलावर कोड ठेवला आहे.’’ बाहेर बटाटेवड्याची रांग असते. तिसरी घंटा होते तेव्हा वडे संपलेले असतात, टेबलाशी मात्र दोनचारच माणसे आलेली असतात. ताट फिरलेच नाही. कोड तिकिटाच्या पाठीवर किंवा खुर्चीच्या मागच्या बाजूला छापला, चित्रफितीच्या शेवटी पडद्यावर मिनिटभर मोठा ठेवला, तर माणूस जागेवरून न उठता देतो. अनेक सभागृहांत आत रेंज नसते, मैदानात गर्दीने नेटवर्क तुंबते. म्हणून जाणते कार्यकर्ते पावतीपुस्तक आणि पेन जवळ ठेवतात, नाव, नंबर आणि आकडा लिहून घेतात आणि त्याच रात्री व्हॉट्सॲपवर पैसे भरण्याची लिंक पाठवतात. रक्कम जमा झाल्याचे ओरडून सांगणारा साउंडबॉक्स प्रवेशदारापाशीच बरा. नाट्यपदाच्या ऐन समेवर ‘पाचशे एक रुपये प्राप्त झाले’ कोणालाच नको असते. परदेशी नमुन्यावरून केलेल्या देणगीपानांवर ५००, १,००० अशी बटणे दिसतात. आपल्याकडे वरचा एक रुपया सोडवत नाही, त्यामुळे ५०१ आणि १,००१ ची बटणे ठेवणेच शहाणपणाचे.

मागणारा ओळखीचा असेल तर देणारा लवकर हात सैल करतो. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची निधिउभारणी या तत्त्वावर चालते. २००९ पासून या निधिउभारणीचे काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. धावणारा एक संस्था निवडतो, स्वतःचे पान तयार करतो आणि त्याची लिंक नातेवाइकांना, कचेरीतल्या सहकाऱ्यांना धाडतो. अशा पानांवर बहुधा देणाऱ्यांची नावे आणि आकडे दिसतात. आत्येभावाने २,००१ दिलेले पाहिले की मामेभाऊ ५०१ वर थांबत नाही. पूर्वी ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जात, त्याचाच हा नवा अवतार म्हणायचा.

खरी कटकट पावतीची. यूपीआयने आलेल्या रकमेसोबत व्यवहार क्रमांक आणि फार तर एक नाव येते; पत्ता आणि पॅन येत नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जी खाली देणगीदाराला करसवलत मिळवून द्यायची, तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला फॉर्म १०बीडी या वार्षिक विवरणात प्रत्येक देणगीदाराची ओळख नोंदवून त्याला १०बीई हे देणगीचे प्रमाणपत्र देणे भाग पडू लागले. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की सवलतीस अपात्र, त्यामुळे मोठ्या रकमा डिजिटल मार्गानेच येतात. कार्यक्रमाच्या रात्री स्क्रीनवर मोठा आकडा झळकतो आणि मे महिन्यात हे विवरण भरताना खजिनदार त्यातल्या अनोळखी नोंदी जुळवत बसतो. भिंतीवरच्या कायमच्या कोडऐवजी नाव, पत्ता, पॅन विचारूनच पुढे जाणारा छोटा अर्ज ठेवला तर काही घाईचे लोक गळतात, पण हिशेब चोख राहतो. कार्यक्रमात रांगेरांगेतून फिरवलेला कोड आणि मोठ्या रकमेसाठी अर्ज, ही तडजोड व्यवहार्य ठरते.

थेट प्रक्षेपण परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेले की आणखी एक पेच पडतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. त्याच्याच शेजारच्या, अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या मित्राची ठरते. ती घेण्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. म्हणून देणगीपानावर ‘आपण कोठे राहता?’ एवढे विचारून पुरत नाही, नागरिकत्वही विचारावे लागते.

गणेशोत्सवाच्या वर्गणीत बहुतेकदा ८०जीचा प्रश्न नसतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. मांडवाच्या बांबूला चिकटवलेल्या कोडवर कोणी दुसरा कोड डकवून जाणे हा इथला हमखास धोका. त्यावर उपाय साधा आहे : पैसे पाठवण्याआधी फोनवर दिसणारे नाव मंडळाचे आहे की नाही, ते वाचायचे. पण पुष्कळ मंडळांचा कोड खजिनदाराच्या खासगी खात्याचा असतो, आणि मग नाव वाचूनही काही कळत नाही.