जुनं वाद्य विकायला काढताना

गिरगावातल्या आमच्या दुकानात जुन्या गिटारी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर), पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारा छोटा डबा) आणि पेट्या (हार्मोनियम) आम्ही रोखीने विकत घेतो, तशाच तुमच्या वतीने विक्रीलाही ठेवतो. हे पत्रक विकणाऱ्यांसाठी आहे. घेणाऱ्यांनी सरळ दुकानात यावं, वाजवून बघावं.

सध्या बाजार थंड आहे. २०२०-२१च्या टाळेबंदीत लोकांनी घरबसल्या गिटार शिकायचं मनावर घेतलं. अमेरिकेच्या फेंडर कंपनीनेसुद्धा २०२० हे आपलं विक्रीचं सर्वात मोठं वर्ष असल्याचं सांगितलं होतं. त्या लाटेत घेतलेल्या गिटारी आता कपाटावरून खाली उतरू लागल्यात. कुणाची चाळ पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घरात जागा नाही, कुणाचा मुलगा शिकायला परदेशी गेला, कुणाच्या घरी रंगकाम निघालं. दुसरीकडे नवशिक्याला बॅग, पट्टा, पिक सगळं धरून नवी गिटार हप्त्यावर घरपोच मिळते. रेकॉर्डिंगवाल्यांचं काम लॅपटॉप आणि एका ऑडिओ इंटरफेसवर (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) भागतं, त्यामुळे पूर्वीच्या मोठ्या मशिनरीला कुणी विचारत नाही. विकणारे पुष्कळ, घेणारे थोडे, आणि तेही चोखंदळ.

भाव कसा ठरतो

बहुतेक जण पावती काढून दाखवतात. पावती जरूर आणा, पण ती वस्तू तुमचीच आहे हे कळायला. भाव तिच्यावरून ठरत नाही. तीच किंवा तिच्यासारखी वस्तू आज नवी केवढ्याला मिळते, तिथून हिशेब सुरू होतो. समजा तशी नवी गिटार आज १२ हजारांना आहे. चांगल्या स्थितीतली जुनी असेल तर गिऱ्हाईक ६-७ हजारांपर्यंत येतं. मग त्याच्या मनात पुढचा प्रश्न येतो: घरी नेल्यावर हिच्यावर आणखी किती खर्च? तारा गंजलेल्या, सेटअप (तारांची उंची वगैरे) बिघडलेला असेल तर तो हजार-दीड हजार वजा करतो आणि ५,५००वर अडतो. तुम्ही ती पाच वर्षांपूर्वी १४ हजारांना घेतली होती, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

ही गिटार विक्रीला ठेवलीत आणि ५,५००ला गेली, तर आमचे १५ टक्के म्हणजे ८२५ रुपये वजा जाऊन ४,६७५ तुमच्या हातात. तीच आम्ही रोखीने घेतली तर ४ हजारांच्या आसपास देऊ. रोखीत कमी का, हे सगळेच विचारतात, आणि विचारावंच. आमचा पैसा अडकतो, भिंतीवरची जागा अडते, तारा आणि सेटअप आमच्या खिशातून होतात, आणि गिटार चार महिने पडून राहिली तर तो तोटाही आमचा. घाई असेल तर रोख घ्या. थांबायची तयारी असेल तर ठेवून जा. थांबू शकणाऱ्याने रोख घेऊ नये असंच आम्ही सांगतो. बदल्यात दुसरं काही घेणार असाल तर रोखीच्या भावापेक्षा थोडं वर धरतो. घरगुती वस्तू विकताना तुम्हाला जीएसटीची भानगड नाही. जुन्या मालाचे व्यापारी म्हणून खरेदी-विक्रीतल्या फरकावरचा कर आम्ही भरतो.

विक्रीला ठेवताना सुरुवातीचा भाव नीट ठरवू या. 'आधी ८ हजार लावा, नाही गेली तर बघू' असा आग्रह असतो. तेजीत हे खपून जायचं. आता माल नव्याने भिंतीवर लागतो तेव्हा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी काही विचारपूस होते ती होते. मग दर पंधरवड्याला दोनशे-तीनशे उतरवत गेलो की गिऱ्हाईकच ओळखतं, अजून उतरणार, आणि थांबून राहतं. शेवटी ८ हजारांपासून निघालेली गिटार ५ हजारांना जाते, जी पहिल्याच आठवड्यात साडेपाचला गेली असती. तीन महिन्यांत गेली नाही तर आम्ही फोन करतो. तेव्हा भाव बदला किंवा वस्तू घेऊन जा. ठेवणावळ घेत नाही.

गिटार आम्ही कशी बघतो

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण यातलं निम्मं तुम्हाला घरीच बघता येतं.

बॅगेची चेन उघडली की आधी वास येतो. कुबट वास आला म्हणजे गिटारने दोन-तीन पावसाळे कपाटावर किंवा पलंगाखाली काढलेत. लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते असं गिटार बनवणारे सांगतात. मुंबईच्या पावसाळ्यात ती कित्येक दिवस ८०च्या वर असते. लाकूड पाणी पितं, फुगतं. अकूस्टिक गिटारचं तोंड, म्हणजे वरची फळी, ब्रिजच्या (फळीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) मागे पोट सुटल्यासारखी वर येते. अख्ख्या लाकडाची फळी असेल तर जास्त, प्लायची असेल तर कमी. म्हणून महागडी गिटार स्वस्त गिटारपेक्षा इथे अधिक हाल सोसते.

मग गिटार हेडकडून (किल्ल्या असतात त्या टोकाकडून) डोळ्यासमोर धरून नेक, म्हणजे लांब दांडा, बघतो, बंदुकीचा नेम धरावा तशी. किंचित बाक चालतो. जास्त असेल तर आतली ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) ॲलन कीने (षटकोनी चावीने) पाव फेरा फिरवून बघतो. हे घरी करू नका, रॉड तुटली तर दुरुस्ती गिटारच्या किमतीच्या पुढे जाते. नेकवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या असतात ते फ्रेट. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार फ्रेटपासून किती उंच आहे ते शाळेच्या पट्टीने मोजता येतं. अकूस्टिकला अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. चारच्या वर असेल तर बोटं दुखतात, आणि नवशिक्या पोरांनी गिटार सोडून देण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. कान नाही, आवड नाही असं उगाच म्हटलं जातं.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचं टोक सरकवून बघा. आत शिरलं तर ब्रिज उखडायला लागलाय. वेळेत कळलं तर परत चिकटवता येतो, पण तारा ताणलेल्याच ठेवल्या तर एके रात्री फाडकन निघतो आणि फळीचे तुकडे सोबत आणतो. वाद्य बरेच महिने ठेवून द्यायचं असेल तर तारा सैल करा.

इलेक्ट्रिक गिटारला ॲम्प जोडून सगळ्या कळा फिरवतो. खर्रखर्र आवाज आला म्हणून घाबरू नका. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा जातो, त्याचे पैसे आम्ही कापत नाही. जॅक ढिला असेल तर तेही किरकोळ. फ्रेटवर तारांचे खोल खड्डे पडले असतील, ट्युनिंगच्या किल्ल्या घसरत असतील किंवा हेडला जोड दिलेला असेल तर मात्र भाव उतरतो. जोड दिलेला असेल तर आधीच सांगा. रंगाखाली दिसत नाही असं वाटतं, पण प्रकाशात तिरकं धरलं की दिसतो.

विकण्याआधी खर्च करायचाच तर नव्या तारांवर करा. चारशे-पाचशे रुपयांच्या तारांनी गिटारचा आवाज आणि गिऱ्हाईकाचा चेहरा दोन्ही बदलतात. फ्रेट बदलणं, रंग मारणं नको, तो पैसा परत येत नाही. शिसवी फिंगरबोर्डवर खोबरेल तेल आणि बॉडीवर फर्निचरचं पॉलिश तर अजिबात नको. दोन्ही आम्हाला पुसत बसावं लागतं. स्वतः नवे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे इलेक्ट्रिक गिटारवरचे चुंबकी भाग) बसवले असतील तर जुने सुटे भाग डब्यात घालून आणा. घेणाऱ्याला मूळ भाग हवे असतात, तुमच्या पिकअपचे वेगळे पैसे तो देत नाही. चालत असतील तर नवे पिकअप काढून वेगळे विकू.

'गिब्सन' या नामांकित अमेरिकन कंपनीचं नाव लिहिलेली प्रत्येक गिटार गिब्सन नसते. खऱ्या गिब्सनच्या हेडवर घंटेच्या आकाराचं जे झाकण असतं त्याला दोन स्क्रू असतात. नकली मालात पुष्कळदा तीन दिसतात. हेडच्या मागे ठसा आणि नंबर बघावा लागतो. भेट म्हणून मिळालेली असेल तर हे ऐकून वाईट वाटतं, याची कल्पना आहे. नकली गिटार आम्ही त्या नावाने विकत नाही, कितीही चांगली वाजली तरी.

वडिलांची, काकांची कॉलेजातली कोलकाता बनावटीची गिटार बरेच जण आणतात. तिला बाजारात फार भाव नाही. दीड-दोन हजारांसाठी ती देऊन टाकू नका, तारा बदलून घरातच भिंतीवर लावा. तारा लावून द्यायला आम्ही आहोत.

बाकीचं सामान

मंदीत सगळ्यात पटकन जातात ती पेडल. लहान, टिकाऊ, लोकलमधून खिशात नेता येतात. बॉस कंपनीचं डीएस-१ हे नारंगी पेडल १९७८पासून आजतागायत बनतंय, त्यामुळे घेणाऱ्याला भरवसा असतो. मूळ खोका आणि ॲडॅप्टर असेल तर आणा. खाली वेल्क्रो चिकटवला असेल तर ओरबाडून काढू नका, आम्ही काढू.

कीबोर्डची प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा. दोन-चार पट्ट्या मुक्या असतील तर बहुधा आतल्या रबरावर धूळ असते, दुरुस्त होतं. स्क्रीन गेली असेल तर अवघड. यामाहाने २०१९मध्ये चेन्नईजवळ कारखाना सुरू केला, नवे साधे कीबोर्ड आता सहज मिळतात. त्यामुळे घरगुती जुन्या कीबोर्डकडून फार अपेक्षा ठेवू नका. ऑर्केस्ट्रावाले ज्यावर वाजवतात त्या रोलंड कंपनीच्या मॉडेलांचं गणित वेगळं. तशीच ऑक्टोपॅडची गोष्ट. रोलंडचा एसपीडी-२० हा १९९८चा, पण हळदीला आणि मिरवणुकीत जो आवाज लोकांच्या कानात बसलाय तो याचाच. नवा एसपीडी-२० प्रो आल्यावर जुन्याचा भाव उतरला, मागणी मात्र टिकून आहे. एका पॅडवर मारल्यावर दुसरा वाजत असेल तर सांगा.

अमेरिकेहून आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. चालतो का बघू म्हणून थेट प्लगात घालू नका, ट्रान्सफॉर्मर जळतो. मागची पट्टी वाचा, स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर सोबत आणा.

पेटीचा भाव सुरांवर ठरतो: जर्मन सूर की पालिताण्याचे. भाता दाबून सोडल्यावर कुठलीही पट्टी न दाबता फुसफुस ऐकू आली तर गळती आहे. उंदरांनी भाता कुरतडलेल्या पेट्यासुद्धा दुरुस्त होतात, टाकून देऊ नका. तबल्याच्या पुडीला (वरच्या कातड्याला) जुन्यात मोल नाही. तांब्या-पितळेचा डग्गा असेल तर निदान धातूचे पैसे येतात.

केव्हा विकावं

ऑक्टोपॅड, कीबोर्ड, स्पीकर, माइक गणपतीच्या महिना-दीड महिना आधी आणा. बँजो पार्ट्या आणि मंडळं तेव्हाच सामान शोधत असतात. विसर्जनानंतर पितृपक्ष लागतो, आणि जुनी वस्तू घेणारेही 'पंधरवडा उलटू द्या' म्हणतात. मग नवरात्र, आणि तुळशीच्या लग्नानंतर हळदी-वराती. गिटारला जून-जुलैत कॉलेजं सुरू झाल्यावर थोडी हालचाल असते, पुन्हा डिसेंबरात. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, तेव्हा आणलीत तर आम्ही घेऊ, पण ती लटकून राहील हे गृहीत धरा.

घरून परस्पर विकत असाल तर

जरूर विका, आमचे १५ टक्के वाचतात. एवढंच बघा: वस्तू न बघता लगेच तुमचा भाव कबूल करणारा, 'मी सैन्यात आहे, बदली झालीय, माणूस पाठवतो' म्हणणारा आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. गिटार दाखवायला शक्यतो दिवसा, घरात आणखी कुणी असताना बोलवा. मेसेजवर विश्वास न ठेवता खात्यात पैसे दिसल्यावरच वस्तू हातात द्या.

येताना

कुठलंही एक ओळखपत्र लागेल. चोरीचा माल दुकानात येऊ नये म्हणून सिरियल नंबर आणि तुमची सही आम्ही वहीत नोंदवून घेतो, ओळखीच्या माणसाकडूनही. पावती, खोका, चार्जर, व्हायब्रेटो बारचा दांडा, ॲलन की, जे सापडेल ते पिशवीत टाका. पाऊस असेल तर बॅगेवर प्लॅस्टिक घाला. लोकलने येणार असाल तर सकाळी अकरानंतर निघा, मोठा ॲम्प असेल तर लगेजच्या डब्यातून. तपासणीला गिटारला वीसेक मिनिटं, कीबोर्डला अर्धा तास लागतो, आणि तुमच्यासमोरच होते. भाव पटला नाही तर वस्तू परत न्या, तपासणीचे पैसे नाहीत. शनिवारी संध्याकाळी मात्र येऊ नका. तेव्हा दुकानात वाजवून बघणाऱ्यांची गर्दी असते आणि तुमच्या गिटारचा आवाज आम्हालाच ऐकू येत नाही.